गेटवर राहिलेलं हसू

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. कामगार संघटनेतल्या मैत्रिणींना नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण कदाचित तुम्ही ते पत्रक वाचलं असेल. वाचून तुमचे डोळे भरून आले असतील, तर ते पाणी मी फसवून काढलेलं आहे.

पण थांबा. आधी आई कशी आहे ते सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल.

आम्ही मूळचे लातूरकडचे, आता पुण्याजवळ चिखलीत राहतो. आई चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडते. सकाळी कंपनीची बस येते आणि तळवडे चौकात अडकते. रोजच अडकते. बाकीचं जग तिथे हॉर्न वाजवत असतं, आणि आईच्या बसमध्ये तिचा कार्यक्रम सुरू होतो. सुपरवायझर फोनवर बायकोशी कसा बोलतो आणि फोन ठेवल्यावर लाइनवर कसा बोलतो, याची नक्कल. मग गाणी. संक्रांतीला तर बसमध्येच हळदीकुंकू होतं, आणि खिडकीतून शेजारच्या ट्रकवाल्याच्या हातावरही तिळगूळ पडतो. संध्याकाळी घरी आली की ती चहाचा कप घेऊन दारात पाय पसरून बसते आणि म्हणते, "गुडघे चालायलेत, नळाला पाणी हाय, लेक शिकायली. आणखी काय पाहिजे माय?"

खुर्ची पाहिजे! — मी मनातल्या मनात ओरडायचे. कारण त्या लाइनवर बायका पूर्ण शिफ्ट उभ्या असतात. टेकायला साधं स्टूलसुद्धा नाही. आणि ही बाई नळाच्या पाण्याचं कौतुक करत बसली आहे?

मी पत्रकांवर वाढले. बाबा संघटनेची पत्रकं कारखान्याच्या गेटवर वाटायचे, उरलेली घरी आणायचे, आणि शाळेच्या पुस्तकाआधी मी तीच वाचायला शिकले. त्यातला कामगार कधी हसत नसे. तो पिळला जाई, झिजे, मग एक दिवस उठून उभा राही. त्यातून मी एक गोष्ट पक्की धरली होती — समाधानी माणूस लढत नाही. मग माझी आई कोण होती? शत्रूच्या बाजूची?

खुर्च्यांच्या मागणीचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मागणी खरी होती. आजही म्हणेन, शंभर टक्के खरी होती. पण नुसत्या मागणीनं लोक पेटत नाहीत, असं मला वाटलं. म्हणून मी आईला त्यात घातलं. लिहिलं, की माझी आई कामावरून येते ती एक शब्द न बोलता अंथरुणावर पडते. आणि शेवटी लिहिलं — 'तिचं हसू कंपनीच्या गेटवरच राहतं.'

या वाक्यावर मी किती खूश होते, सांगू? ते लिहिताना आई दारात बसून शेजारणीला सुपरवायझरची नक्कल करून दाखवत होती. मी उठून खिडकी लावून घेतली. तिच्या हसण्यानं माझं वाक्य बिघडत होतं.

पत्रक पसरलं. मोबाइलवरून कुठल्या कुठे गेलं. ताथवड्याच्या एका कॉलेजात मला ते वाचायला बोलावलं, टाळ्या पडल्या. कंपनीनं उत्तर म्हणून आनंदी कसं राहावं यावर एक व्याख्यान ठेवलं. तेही बायकांनी उभं राहून ऐकलं. आईचं मात्र दारात बसणं कमी झालं. यायची, हातपाय धुवायची, आणि आडवी व्हायची. मला वाटलं, वय झालं. खरंच वाटलं? की वाटून घेतलं?

मग एका सकाळी मी स्कूटीवरून तळवडे चौकात अडकले होते. शेजारी आईची बस. खिडकीत आई — पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. मी हात वर केला. तिनं मला पाहिलं.

आणि तिनं हसू पुसलं. पदरानं, घाम पुसावा तसं. खांदे पाडले, मान खिडकीला टेकवली, डोळे मिटले. माझ्यासाठी. माझ्या पत्रकातली आई झाली.

संध्याकाळी मी विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "लोकांनी वाचलंय की गं ते. तुला खोटं कशाला पाडू?"

तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतं. मलाही कळत होतं. तरी मी पुढच्या सभेत तेच पत्रक पुन्हा वाचलं, त्याच वाक्याला आवाज चढवला. आई घरी आडवी होत राहिली.

शेवटी साहेबांनी लाइनवरच्या काही बायकांना बोलावलं. तिथं काय झालं ते आईची जोडीदारीण सुमनमावशी आमच्या दारात उभी राहून सांगत होती. साहेबांच्या टेबलावर माझंच पत्रक होतं. ते म्हणाले, तुम्हाला इतकं झेपत नसेल तर आम्ही तरुण मुली घेतो, तुम्ही घरी आराम करा. माझंच वाक्य त्यांच्या हातात हत्यार होऊन गेलं होतं. बायका गार पडल्या. आणि आई पुढं झाली.

"साहेब, मी काय दमलेली बाई नाही. माझे गुडघे चांगले हायत. रोज सकाळी उठले की त्यांच्याकडं बघून बरं वाटतं मला. मला ते असेच घरी न्यायचेत. म्हणून खुर्ची द्या."

सुमनमावशी म्हणाली, मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुणी नातवाला उचलून घेण्याबद्दल, कुणी वरातीत नाचण्याबद्दल. रडगाणं कुणीच गायलं नाही. जे चांगलं आहे ते हातचं जाऊ देणार नाही, एवढंच प्रत्येकीनं आपापल्या तोंडानं सांगितलं. दिवाळीच्या आत लाइनवर खुर्च्या आल्या! बाबांच्या सगळ्या पत्रकांत जे मला सापडलं नव्हतं ते आईला रोज चहाच्या कपात सापडत होतं — ज्याला आपलं जगणं आवडतं, तोच त्याच्यासाठी भांडतो. आज माझी पत्रकं इथूनच सुरू होतात.

तुम्ही म्हणाल, मग झालं की सगळं चांगलं. पण सांगायचं ते अजून राहिलंच आहे.

साहेबांनी पत्रकावर बोट ठेवून विचारलं होतं, मग हे खोटं का? आई म्हणाली, "लेकीनं काळजीनं लिहिलंय. आईची काळजी वाटणारच की." सगळ्यांना ते पटलं. आजही चिखलीत बायका मला आईची काळजी असलेली मुलगी म्हणून ओळखतात.

काळजी नव्हती. मला तिची लाज वाटत होती. मला दुःखी आई हवी होती, आणि मिळाली होती हसणारी. म्हणून मी तिला कागदावर मोडलं, मग घरातही मोडू दिलं, आणि तिचं नाटक चालू आहे हे कळल्यावरही टाळ्या घेत राहिले.

आता ती खुर्चीत बसून वायरी जोडते. बसमध्ये नवीन सुपरवायझरची नक्कल तयार आहे. संध्याकाळी दारात पाय पसरून बसते, आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मी खिडकी उघडी ठेवते.

तिचं हसू गेटवर कधीच राहिलं नव्हतं. ते रोज घरापर्यंत येत होतं. दारात अडवलं, ते मी.