उजनीत सोडलेला मासा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझ्या बहुतेक लबाड्या ती मी तोंड उघडायच्या आधीच ओळखते.

आधी माझी ख्याती ऐका. इंदापुरात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर भिगवणला आलो आणि अंधश्रद्धेवर व्याख्यानं देत सुटलो. कुणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की माझी भुवई वर. शाल-श्रीफळ पाहिलं की हसू येतं – शाल माझ्याच खांद्यावर पडणार नसेल तर. असा माणूस. म्हणून तर हे सांगणं जड जातंय.

आठ वर्षं झाली. उजनी धरणाच्या पाण्याकाठी एक वस्ती आहे. तिथल्या अंगणवाडीला कुणा पाहुण्यांनी समुद्री प्राण्यांचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक भेट दिलं. त्याची फीत कापायला तीन भाषणं लागली. पाहुणे गेले, आणि पुस्तक मुलांना दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्या भाषणांना मनातून हसत होतो. माझं स्वतःचं भाषण अजून व्हायचं होतं, नाही का?

मुलं चार-पाच वर्षांची. देवमासा दाखवला, कुणीतरी नाक खाजवलं. डॉल्फिन दाखवला, तर एकानं खिचडी कधी मिळणार म्हणून विचारलं. पान उलटलं आणि मोरे ईल नावाचा मासा निघाला. सापासारखा लांब, खडकाच्या फटीतून डोकं बाहेर, जबडा उघडा.

"ही तर वाम हाय," गौरी म्हणाली. मासे धरणाऱ्या बबनची ही लेक. वाम तिच्या घरी कालवणात पडते, तिला त्या चित्राचं काय अप्रूप?

मी म्हणालो, वाम नव्हे. याच्या घशात आणखी एक जबडा असतो. पहिल्यानं धरायचं, दुसऱ्यानं आत ओढायचं. हे खरं आहे. तो तोंड उघडतो ते श्वास घ्यायला, रागानं नाही – हेही खरं. पण ते मी गाळलं. का? वर्ग चिडीचूप झाला होता. तीस वर्षांत मला असा वर्ग मिळाला नव्हता.

"ह्यो ऱ्हातो कुठं?" गौरीनं विचारलं.

समुद्रात. एका शब्दाचं उत्तर. पण समुद्र त्यांच्यापैकी एकानंही पाहिलेला नव्हता; तो शब्द ऐकताच त्यांचे डोळे पुन्हा खिचडीकडे वळले असते. मी म्हणालो, "इथंच. पाण्याखाली जुनं गाव आहे ना? त्याच्या भिंतींच्या फटींत."

धरण भरलं तेव्हा जुनं गाव बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याच्या भिंती उघड्या पडतात. बबनची होडी रोज त्या गावावरूनच जायची.

दुसऱ्या दिवसापासून गौरी होडीत बसेना. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आईबाप तिला पहाटे सोबत न्यायचे. आता ती होडी पाहूनच किंचाळायची. आई काठावर तिला धरून बसू लागली आणि बबन एकटा जाळी ओढू लागला. काय दिसतं, हे ती सांगायची नाही. दृष्ट काढली, काळा दोरा बांधला, शेवटी देवऋषीकडे नेलं.

आणि मग वस्तीला संशय येऊ लागला. पोरीच्या डोक्यात हे भरवलं कुणी? सगळ्यांच्या नजरा हौसाबाईंवर. अंगणवाडीत खिचडी शिजवायच्या त्या. ढवळता ढवळता मुलांना बुडालेल्या गावच्या गोष्टी सांगायच्या. भुतांच्या असणार, असं ठरलं.

बबन माझ्याकडे आला. "गुरुजी, तुमी शिकल्यालं. खरं सांगा, त्या म्हातारीचंच काम न्हवं का ह्ये?"

एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "मुलं कुठं काय ऐकतात, काय सांगावं?" वर त्याला त्या काळ्या दोऱ्यावरून अर्धा तास सुनावलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

हौसाबाईंना सांगण्यात आलं, चुलीपाशी थांबायचं, मुलांत बसायचं नाही.

मी पुढेही व्याख्यानं देत राहिलो. भीती कुठून जन्मते, हा माझा आवडता मुद्दा. गौरी आता आठवीत आहे. होडीत ती अजून पाय ठेवत नाही.

यंदा मे महिन्यात भिंती उघड्या पडल्या तेव्हा मी काठावर गेलो होतो. हौसाबाई तिथं आधीच बसलेल्या. आता थकल्यात, कामही सुटलंय. त्यांनी काठीनं एक भिंत दाखवली. ते त्यांचं माहेर. हा गोठा, ही चूल, इथं आईनं लावलेली शेवंती. मुलांना त्या हेच सांगायच्या. भूत त्यात एकही नव्हतं.

मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गुरुजी, त्या दिशी मी चुलीपाशीच व्हते. समदं ऐकलं. सोडायचाच व्हता मासा, तर आमचंच घर घावलं व्हय तुमाला?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. आठ वर्षं. माझ्या शब्दापुढं आपला शब्द कोण खरा मानेल, हेही ठाऊक असणार.

मी गाडीला किक मारून घरी आलो. बबनचं घर वाटेतच लागतं. मी थांबलो नाही.