सहा डोकी, एक फणी

भिलाईत लहानपण गेलं असं सांगितलं की लोक आधी भट्टीचं विचारतात. लोखंडाचा रस वाहताना पाहिला का, आकाश लाल व्हायचं का, रशियन माणसं कशी होती. पाहिला, व्हायचं, आणि उंच होती. रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत सारखं कुणीतरी मोठं माणूस तो बघायला यायचं, आणि आम्हा शाळकरी पोरांना कागदी झेंडे देऊन रस्त्याच्या कडेला उभं केलं जायचं. गाड्या धूळ उडवत निघून जायच्या आणि धूळ खाली बसेपर्यंत आम्ही झेंडे हलवत राहायचो. थक्क व्हायची सक्ती असली की मला थक्क होता येत नाही, हे मला त्याच रस्त्यावर कळलं.

थक्क झाले ती आमच्या क्वार्टरच्या पडवीत, एका पांढऱ्या बशीसमोर. बशीत एक ऊ होती.

आई भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातली. वडील कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवायचे. सेक्टरातल्या आमच्या दोन खोल्यांत आई दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळायची. पाळणाघर हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. 'लेकरं ठेवते' एवढंच लोक म्हणत. इस्पितळातल्या नर्सचे जुळे मुलगे, टेलिफोनवर काम करणाऱ्या बाईंची एक मुलगी, आणि एका शाळेतल्या बाईंची लांब वेणीची मुलगी. त्या बाई नागपूरच्या, नवरा अधिकारी. त्यांच्या अंबाड्यात कायम एक लाल-निळी पेन्सिल खोचलेली असायची, आणि बोलता बोलता त्या तिनं डोकं खाजवायच्या. विद्वान माणसं असंच करतात, अशी माझी समजूत होती.

पाचवी होती नोनी. छत्तीसगढीत लहान मुलीला नोनीच म्हणतात, आम्हीही तिला तेच म्हणायचो. तिची आई रेजा, म्हणजे बांधकामावर डोक्यावरून गिट्टी वाहणारी मजूर. आधी ती पोरीला वाळूच्या ढिगाशी बसवून कामाला लागायची. एकदा बाजारातून येताना आईनं पाहिलं, की एक ट्रक मागे येत होता आणि त्याचं चाक नोनीपासून हातभर लांब थांबलं. नोनी त्या चाकाला वाळूचा भात वाढत होती. आईनं तिला तिथूनच उचलून घरी आणलं आणि मागाहून तिच्या आईला निरोप धाडला. तेव्हापासून नोनी आमच्याकडे, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या दारात तरोट्याच्या भाजीची जुडी.

नोनीला येऊन महिना झाला असेल. एका संध्याकाळी शाळेतल्या बाई दारातच उभ्या राहिल्या.

"वहिनी, माझ्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या."

"होतेत, बाई. लेकरं एकत्र लोळतेत."

"ती रेजाची पोर नव्हती तेव्हाही लोळतच होती की. तेव्हा नाही झाल्या." पेन्सिल अंबाड्यात फिरली. "बाकीच्या दोघींशी माझं बोलणं झालं आहे. एक तर ती राहील, नाही तर आमची मुलं."

नोनी तेव्हा उंबऱ्यावर बसून बाईंच्या चपलेचा पट्टा बोटानं मोजून बघत होती. तिला मराठी कळत नव्हतं, ते बरंच होतं. तिला काढलं तर ती कुठं जाणार, हे आईला ठाऊक होतं, मलाही. वाळूचा ढीग अजून तिथंच होता, आणि ट्रक वाढले होते.

"मले पंधरा दिवस द्या," आई म्हणाली. "पंधरा दिवसांनी एक जरी ऊ सापडली तं मी सोताच नोनीले काढतो."

बाई गेल्यावर वडिलांनी विचारलं, "पंधराच कावून?"

"लिखा फुटाले आठ दिवस लागते. त्या फुटल्या का त्याईले मारा, मग मांगं राहिलेल्या फुटते, त्याईले मारा."

शेजारपाजारून उपाय यायला वेळ लागला नाही. घासलेट लावा, असं एकीनं सांगितलं. आई म्हणाली, "इथं शेगडी पेटलेली, अन् डोक्याले घासलेट? लेकरं व्हय का दिवे?" वडिलांनी हिवतापाच्या फवारणीवाल्यांकडची पावडर सुचवली. "मच्छर मरते त्यानं, तं लेकरू कावून वाचन?"

मग आईनं सगळ्यांनी एकाच दिवशी मुलांची डोकी रिठ्यानं धुवायची असं ठरवलं. एकाच दिवशी, नाही तर या डोक्यातून त्या डोक्यात हा खेळ चालूच राहायचा. ती दारोदार विचारून आली. नर्सबाईंच्या घरी मंगळवारी आणि शुक्रवारी डोक्याला पाणी लावत नव्हते. टेलिफोनवाल्या बाईंच्या सासूबाईंना गुरुवार आणि शनिवार चालत नव्हता. शाळेतल्या बाईंना सोमवार वर्ज्य. बुधवारी भाऊ असलेल्या मुलीनं न्हायचं नाही असं आईचंच, आणि मला भाऊ होता, तो आजोळी शिकत असला तरी. उरला रविवार. रविवारी नर्सबाईंची ड्यूटी असायची आणि घरात त्यांचा नवरा. मुलांच्या डोक्यावर पाणी ओतणं हे आपलं काम नव्हे, असं त्याचं मत होतं. सबंध देशातून माणसं भिलाईला आली होती आणि प्रत्येकानं आपापला एक एक वार बरोबर आणला होता. अशी एकात्मता भाषणांत ऐकली होती. तिचा फायदा उवांना होईल, हे कुठल्या पाहुण्यानं सांगितलं नव्हतं.

प्रत्येकीनं आपापल्या सोयीच्या दिवशी डोकी धुतली. चार दिवसांत सगळ्यांची धुऊन झाली, तरी डोक्यांत उवा पहिल्यासारख्याच. पंधरातले पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी दुपारी आईनं माझ्याच डोक्यातली एक ऊ काढली, बशीत ठेवली, आणि वडील जेवायला आले तेव्हा त्यांचं ड्रॉइंग ऑफिसातलं भिंग मागून घेतलं. "पाहू तं खरं, कोन व्हय हा दुश्मन."

मी भिंगाला डोळा लावला. आणि मग कितीतरी वेळ काढला नाही.

ती राखाडी होती आणि आरपार दिसत होती. पोटात माझंच रक्त, एक काळसर लाल ठिपका, आणि तो हलत होता. सहा पाय. प्रत्येक पायाच्या टोकाला एक आकडी. ती मिटली की समोरच्या एका बोंडाला टेकायची आणि मध्ये बरोब्बर एक केस मावेल एवढी जागा उरायची. कमी नाही, जास्त नाही. वडिलांनी एक केस चिमटीत धरून तिच्याजवळ नेला. तिनं तो पकडला. वडिलांनी केस उचलला, ती लोंबकळत वर आली. त्यांनी केस झटकला, पुन्हा झटकला. ती तिथंच.

वडील जेवण विसरले. रोज मैलभर लांबीच्या यंत्रशाळांचे नकाशे गिरवणारा माणूस तो. "बापा! एवढी फिटिंग आमच्या शॉपमंदी कोनाले जमत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जे होतं, ते मी भट्टीबद्दल बोलतानाही कधी ऐकलं नव्हतं.

"उडी मारते का, ते पाहा," आई म्हणाली.

पाहिलं. ना पंख, ना उडी. गुळगुळीत बशीत तिला धड चालताही येईना. केसावर असली तरच तिचं राज्य.

"म्हंजे ते सोता जातच नाही," आई हळूच म्हणाली. "कोनीतरी रस्ता देते, मंग जाते."

त्यानंतर आई रस्ते शोधायला लागली. पहिला लगेच सापडला. दुपारी मुलं सतरंजीवर ओळीनं डोक्याला डोकं लावून झोपायची. आईनं एकाआड एक डोकी उलटी केली, एकाचं डोकं तर दुसऱ्याचे पाय. पण तसं केलं की निम्म्यांची डोकी उत्तरेला येत होती, आणि उत्तरेला डोकं करून माणसाला कधी निजवतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सतरंजीच फिरवली, पूर्व-पश्चिम. एकमेकांच्या डोक्याला पाय लागायचे ते लागायचेच. त्यावर तोडगा म्हणजे उठल्यावर ज्याला पाय लागला त्याला नमस्कार करायचा. रोज तीन वाजता पाच लेकरं डोळे चोळत एकमेकांच्या पाया पडायची. नोनी सगळ्यांच्या पडायची, एकदा शेगडीच्याही पडली.

दुसरा उपाय फणीचा. धुण्याला वार लागतो, दिवसाउजेडी विंचरायला लागत नाही, हे आईच्या ध्यानात आलं. त्यासाठी कुठल्याच सासूनं काही राखून ठेवलं नव्हतं. मग रोज दुपारी, खोबरेल चोपडून, बारीक दातांच्या लाकडी फणीनं, मांडीवर पांढरं फडकं पसरून, एकेक डोकं.

या कामात नोनीच्या आईचा हात आईहून सरस निघाला. साइटवरचा भोंगा झाला की ती यायची, नळावर सिमेंटचे हात धुवायची आणि नोनीला दोन गुडघ्यांत धरून बसायची. बोटं केसांतून अशी जायची की केस हलल्याचं दिसायचं नाही. कानामागं, मानेच्या खळगीत. आम्हाला जिथं काहीच दिसत नव्हतं तिथून ती लीख ओढून काढायची, आणि दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये टिक्. दिवसभर डोक्यावरून दगड वाहून आलेली बोटं ती. आई शेजारी बसून शाळेत बसावं तशी बघायची. त्या दोघींची धड एक भाषा नव्हती, पण त्या टिकटिकीत त्यांचं सगळं बोलणं व्हायचं.

नवव्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आधी आईनं कोनाड्यातली फणी घेतली आणि सवयीनं फडक्यावर आपटली. फडक्यावर एक ऊ पडली. चालू लागली.

आईनं फणी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. मला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं. आईचा एक नियम होता, जसं लेकरू आलं त्याहून नीट परत जायला हवं. म्हणून वर्षानुवर्षं संध्याकाळी मुलांना न्यायला यायच्या आधी ती सगळ्यांची तोंडं धुवायची, तेल लावायची आणि याच फणीनं भांग पाडायची, एकामागून एक. त्या नेटक्या भांगांची सेक्टरभर तारीफ होती. सहा डोकी, आणि फणी एकच.

त्या दिवसापासून प्रत्येकाची फणी वेगळी झाली, दोऱ्यात ओवून ज्याच्या त्याच्या खुंटीवर. आधीची फणी तिनं शेगडीत घातली नाही. एका कागदात बांधून ठेवली.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी शाळेतल्या बाई आल्या. आईनं त्यांना पाटावर बसवलं आणि त्यांच्यादेखत पाचही मुलांची आणि माझी डोकी विंचरली. दर वेळी फणी फडक्यावर झटकून ते पुढे धरलं. फडकं पांढरंच राहिलं. बाईंनी नोनीच्या वेळी भिंगसुद्धा मागून घेतलं. काही नव्हतं.

"चला, छान झालं," बाई म्हणाल्या. "पण वहिनी, आता सगळं स्वच्छ झालं आहे, तर पुन्हा कशाला धोका? तिला आत्ताच..."

"बाई," आई म्हणाली, "उवा नोनीनं नाही देल्ल्या. म्या देल्ल्या."

तिनं कागद सोडून फणी बाईंच्या समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. तेल, भांग, कोनाडा. "पयली ऊ कोनाच्या डोक्यातून आली, ते मले सांगता येनार नाही. नोनीच्या असन, माह्या पोरीच्या असन. पन घरोघरी नेली म्या. काढाचं असन तं मले काढा."

मोठ्या माणसांना मी पुष्कळ वेळा मंचावरून बोलताना ऐकलं होतं. चूक माझी होती, असं एकानंही कधी म्हटलं नव्हतं. शिवाय हे म्हणायची आईला काही गरज नव्हती. डोकी साफ होती, पैज ती जिंकली होती. तारीफ होती ती तिच्या भांगांची, आणि तीच तिनं कागदातून काढून फडक्यावर ठेवली.

बाई फणीकडे बघत राहिल्या. हात अंबाड्यातल्या पेन्सिलीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"आमच्याकडे घरात दुसरं बाईमाणूस नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली. "हे कुणाला सांगावं? चार महिने झाले. माझ्या डोक्यात बघाल?"

चार महिने. नोनीला येऊन दीड महिनाच झाला होता. हा हिशोब मी केला, आईनंही केला असणार.

एवढ्यात नळाचा आवाज आला. नोनीची आई हात धूत होती. आजचा दिवस कसला आहे, हे तिला माहीत होतं. हात पुसायचे विसरून ती पडवीच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "दीदी, नोनी ल झन निकालबे." काढू नकोस.

"नाही काढत," आई म्हणाली. "हे पाह्य, इकडं ये." मग बाईंकडे वळून, "बाई, माह्यापेक्षा हिचा हात चांगला हाय. हिच्यापुढं बसा."

बाईंनी नोनीच्या आईकडे पाहिलं. भेगाळलेले ओले हात, पदराला चुन्याचे डाग. मला वाटलं त्या आता उठून जातील. त्यांनी अंबाड्यातून पेन्सिल काढली, माझ्या हातात दिली, एकेक आकडा काढला आणि पाट मागे सरकवून मान खाली घातली.

नोनीच्या आईनं हात पदराला पुसले, ती बाईंच्या मागं बसली, आणि त्यांचे केस दोन्हीकडं केले. पहिल्याच 'टिक्'ला तिच्या चेहऱ्यावर चांगलं काम हाताला लागल्याचा आनंद पसरला.

"अब्बड हे, दीदी!" ती आईला ओरडून म्हणाली. "अब्बड हे!"

पुष्कळ आहेत. बाईंना त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. नोनी त्यांच्यासमोर येऊन बसली आणि त्यांच्या चपलेचा पट्टा पुन्हा मोजायला लागली.