नानांनी उघडलेलं पान

मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवते. भानामती, झपाटणं असले विषय निघाले की स्टाफरूममध्ये सगळ्यांत आधी हसणारी मीच... त्यामुळे हे लिहायला जरा अवघड जातंय.

माझे वडील, नाना, पिंपळनेरजवळ आमच्या शेतातच राहायचे. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला, वाचा गेली. ते धुळ्याला दवाखान्यात असताना त्यांच्या चुलतभावाने – भगवानकाकाने – बांधावरची सगळी मोहाची झाडं तोडून नेली. आजोबांनी राखलेली झाडं. मोजणीत बांध काकाच्या हद्दीत निघाला म्हणे. मी नानांना माझ्याकडे आणलं. काकाचं वाटोळं व्हावं असं रोज मनात म्हणायचे – खोटं कशाला बोलू?

एप्रिलमध्ये शाळेच्या लायब्ररीतली जुनी पुस्तकं रद्दीत निघाली. त्यात मुलांची एक गाजलेली कादंबरी सापडली. सगळ्यांनी लहानपणीच वाचलेली, मी सोडून. त्यातलं जंगल वाचताना अंगाला लागायचं... पाचोळ्यावर टपटपणारी मोहाची फुलं, उन्हाने तापलेल्या सालीचा वास, अस्वलाने ओरबाडलेलं खोड. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ती नानांना वाचून दाखवू लागले. ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा पाणी आलं डोळ्यांतून.

एका रविवारी भरदुपारी भगवानकाका केळी घेऊन भेटायला आला. मी वाचन थांबवलं नाही. तो थोडा वेळ ऐकत बसला, मग हसला.

“झाडं आते पुस्तकमाच शेतस, नाना.” झाडं आता पुस्तकातच आहेत, म्हणे!

नानांनी डोळे उघडले. डाव्या, चालत्या हाताने पुस्तक ओढून घेतलं, पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. मला कळलं. मधाचं पोळं असलेल्या झाडावर कुऱ्हाड पडते आणि मधमाश्या त्या माणसाचा पाठलाग करतात, तो प्रसंग. मी काकाकडे बघत, सावकाश वाचायला लागले.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला त्याने मानेवर चापट मारली. मग कानावर. मग तोंड झाकून ओरडत जिन्याकडे पळाला... खोलीत एकही माशी नव्हती. खिडक्यांना जाळ्या आहेत आमच्या.

शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मानेतून, पापणीतून मधमाशीचे काटे काढले आणि मला फोनवर विचारलं, “मॅडम, घरात पोळं कुठेय?”

काका वाचला. एका डोळ्याने त्याला अजून अंधुक दिसतं. रस्त्यात चावल्या असतील म्हणावं, तर तो अर्धा तास माझ्यासमोर स्वस्थ बसला होता. मला आजही याचा अर्थ लावता आलेला नाही.

एक गोष्ट घरात कुणालाच सांगितली नाही. काकाचं ओरडणं जिन्यात ऐकू येत होतं, तेव्हा आठ महिने मुके असलेले नाना स्पष्ट बोलले,

“आखो वाच.”

आणि मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.