दुधाच्या धारेइतकं कोमट

ब्रिन्युल्व म्हणजे एक नंबरचा हट्टी. नॉर्वेतल्या वॉसच्या डोंगरउतारावर त्याचं शेत. चाळीस वर्षं तो दर शरदात घरची बिअर करत आला. ती इतकी जड, की दुसऱ्या पेल्यानंतर पाहुणे समोरच्या तळ्याशी गप्पा मारायला लागत. शाबासकी हा घेई. खरी करामत होती ती त्याच्या बायकोच्या, ओड्नीच्या, माहेरून आलेल्या यीस्टची.

माळ्यावर एका लाकडी कड्यावर ते सुकून वर्षभर टांगलेलं असे. जड बिअरसाठी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, रस फार गोड असावा लागतो. त्यात दुकानातलं यीस्ट दोन दिवसांत झिंगून आडवं होतं आणि बिअर गुळमट राहते. ओड्नीचं यीस्ट साखरेचा शेवटचा कण संपेपर्यंत खपायचं, वर संत्र्याच्या सालीचा वास ठेवून जायचं.

खालच्या शेतावरच्या लेइवशी कुंपणावरून ब्रिन्युल्वचं वाजलं होतं. पुढे लेइवचं यीस्ट नासलं. तो मागायला आला, तर ब्रिन्युल्वनं त्याला दारातूनच परत पाठवलं. त्या खोऱ्यात यीस्टला कुणी नाही म्हणत नाही हो! आपलं गेलं तर शेजाऱ्याकडे असावं, म्हणून तर द्यायचं. ओड्नीनं आठवडाभर अबोला धरला. या गोष्टीला आठ वर्षं झाली, आणि ओड्नी जाऊन तीन.

आता नातीचं, रान्नवेगचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिनं एकच मागितलं होतं, आजीची बिअर. ब्रिन्युल्वनं ज्युनिपरच्या सुगंधी झुडपाच्या फांद्या उकळल्या, माल्टचा रस गाळला आणि वाफेत उभा राहिला. त्या वाफेत त्याला पलीकडे ओड्नीचा निळा रुमाल हलल्यासारखा वाटला. रस निवला का ते पाहायला त्यानं नेहमीसारखा कोपर बुडवला. गाईच्या ताज्या दुधाइतका कोमट लागायला हवा. लागला तसाच. गेल्या हिवाळ्यापासून तो हात बधिर झालाय, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. नातीची बिअर जड व्हावी म्हणून अख्खं कडं त्यानं त्यात सोडलं आणि यीस्ट जागं व्हावं म्हणून रिवाजाप्रमाणे पिंपात तोंड घालून हाळी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक बुडबुडा नाही. त्यानं पिंपाला कान लावला. चिडीचूप. आपण तिचं यीस्ट चटके देऊन मारलं, हे त्याला कळलं आणि तो तिथंच उलट्या बादलीवर बसून रडला.

मग टोपी हातात घेऊन तो उतार उतरला. जवळपास बिअर करणारा दुसरा होता कोण?

"लेइव, यीस्ट हवंय," तो म्हणाला. "माझं मेलं. मीच मारलं."

लेइव आत जाऊन तागाच्या फडक्यात गुंडाळलेलं कडं घेऊन आला. फडकं उलगडताच संत्र्याच्या सालीचा वास आला. ब्रिन्युल्वनं ते कडं नाकाशी धरलं.

"ओड्नीनं आणून दिलं होतं, तू मला हाकललंस त्याच आठवड्यात," लेइव म्हणाला. "म्हणाली, हा एक दिवस खाली मान घालून येईल, तोवर जिवंत ठेव. दरवर्षी ठेवलं बाबा. पण तू किती वेळ लावलास रे!"

दोघे मिळून वर आले. रस पुन्हा उकळला, निवू दिला. या वेळी कोपर लेइवचा होता. यीस्ट सोडल्यावर ब्रिन्युल्व पिंपापासून बाजूला सरला आणि हाळीही लेइवनंच दिली.

रात्र होईपर्यंत दोघे बाकावर बसून राहिले. मग ब्रिन्युल्वनं पिंपाला कान लावला. आत बारीक पुटपुट सुरू झाली होती, ओड्नी चुलीपाशी एकटीच पुटपुटायची ना, अगदी तशी.

"बोललीस एकदाची," तो म्हणाला.