धसमुसळी

बायकोच्या हातून कप निसटला की मी म्हणायचो, "किती गं धसमुसळी तू!" मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झाल्यावरही तोच शब्द माझ्या तोंडून जायचा. आज डॉक्टरांनी तिच्या मेंदूचा एमआरआय पडद्यावर लावला. त्यातले पांढरे डाग कॉम्प्युटरने मोजले होते. मेंदू किती आक्रसला तेही, अगदी दशांशापर्यंत. तेव्हा कुठे मला पटलं. तिचा हात माझ्या डोळ्यांदेखत वर्षभर थरथरत होता, पण हातावर आकडा लिहिलेला नसतो ना! घरी आल्यावर मी चहा केला आणि कप तिच्या ओठांशी धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच. तोंड फिरवून तिने विचारलं, "आणि आकडे चांगले आले असते, तर?"