पंच क्रमांक दोन

"याला पॅड आणा रे. अंगठ्याचं."

ठाण्यातला रायटर हवालदार हे म्हणला तवा मी फरशीवर बसलेलो होतो. बाकावर जागा होती. बाकावर उपसरपंचाचा भाचा बसल्ता, तो पंच क्रमांक एक. त्याला काचेच्या गिलासात चहा आल्ता, मला कागदी कपात. मी गावचा कोतवाल. आता कागदावर महसूल सेवक लिहितेत, पण नाव बदलल्यानं बसायची जागा काही बदलली न्हाई. माझी जागा दाराजवळ, चपलांच्या रांगेला लागून.

अंगठ्याचं नाव काढलं आन माझं डोकं सणकलं. मी बारावी पास. आमच्या घरातली पहिली सही माझी. माझे आबा, म्हंजे वडील, तेबी कोतवालच. जन्मभर अंगठा दिला त्यांनी. कुणी कागद पुढं केला की अंगठा, काय लिहिलंय ते विचारायची सोय नव्हती. मी दुसरीत असताना त्यांनी मला बाबासाहेबांच्या फोटोखाली पाटी घेऊन बसवलं आन रोज सही गिरवून घेतली. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण सही वाकडी आली की त्यांना बराबर कळायचं. म्हणायचे, "अंगठा द्यायचा न्हाई. सही करायची. आन वाचल्याबिगर करायची न्हाई."

आबांना जाऊन तवा दहा दिवस झाल्ते.

मी उठलो. टेबलावरचा पेन घेतला, न विचारता. कुठं करू, म्हणलो. हवालदार हसला आन एकामागं एक कागद सरकवत गेला. प्रत्येकाच्या खाली पेन्सिलीची बारीक फुली. मी सही केली. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, खाली रेघ. चार कागद. दाखवून राह्यलो होतो त्यांना. कागद कोरे होते. दिसले मला, आंधळा न्हाई मी. पण त्या वक्ताला मी कागद बघतच नव्हतो, माझी सही बघून राह्यलो होतो.

"सही तर साहेबासारखी करतो की," हवालदार म्हणला.

आन मी खूश झालो. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाबी न्हाई. मी खूश होऊन घरी आल्तो.

कोतवालानं पंच व्हायचं ही आमच्याकडची रीतच. दारू पकडली, मोटर चोरीला गेली, विहिरीत कुणी सापडलं, बोलवा कोतवालाला. सरकारी माणूस. न्हाई म्हणत न्हाई, पळून जात न्हाई. सही आधी घ्यायची, पंचनामा फुरसतीनं लिहायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं न्हाई. खरं सांगतो, मलाबी वाटायचं न्हाई.

पण हे कागद दारूचे नव्हते. गावाबाहेरच्या मळ्यात एका घरातली तीन माणसं कुऱ्हाडीनं मारली गेल्ती. नवरा, बायको आन म्हातारा बाप. मोठं घराणं, सरपंचाच्या नात्यातलं. रास्ता रोको झाला, पुढारी येऊन गेले. पोलिसांना जल्दी कुणीतरी पायजे होतं. त्या मळ्यात विहिरीचं काम करणारा किसन सापडला. पालावर राहणारा माणूस. पंचवीस-सव्वीसचा असंल.

माझ्या सहीच्या वरती मागून काय लिहिलं ते मला कोर्टात साक्षीच्या दिवशी कळलं. व्हरांड्यात हवालदारानं माझ्याकडून ते पाठ करून घेतलं. की आरोपीनं दोन पंचांसमक्ष सांगितलं, कुऱ्हाड मी काढून देतो. की तो आमच्या पुढं पुढं चालत बांधापर्यंत गेला. की त्यानं बाभळीखालचा दगड सरकवला आन हातानं माती उकरून कुऱ्हाड काढून दिली. तारीख, वार, सकाळी दहा वाजता.

तारीख ऐकली आन मी बोटांवर दिवस मोजले, सही केली त्याच्या तीन दिवस आधीची. त्या दिवशी आबांचं पुण्यानुमोदन होतं. सकाळी दहाला मी आमच्या विहारात मेणबत्ती लावून राह्यलो होतो. सारी वस्ती समोर बसल्ती.

मी म्हणलो, साहेब, त्या दिवशी तर माझ्या बापाचा सातवा होता. हवालदारानं माझ्या खांद्यावर हात टाकला. तोपर्यंत कधी टाकला नव्हता. म्हणला, "त्या दिवशी तू बांधावर होतास. तुझी सही आहे."

नोकरी आबा थकल्यावर त्यांच्या जागेवर मिळाल्ती. तहसीलची मर्जी, सरपंचाची मर्जी. भ्यालो, हे खरंय. पण खांद्यावरचा तो हात मला बरा वाटला, हेबी खरंय.

पिंजऱ्यात चढलो. शपथ घेतली. पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता. सरकारी वकिलानं विचारलं, आरोपीला ओळखता का? मी बोट केलं. मला आधीच सांगून ठेवलं होतं, निळ्या शर्टवाला. कारण मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. जो माणूस माझ्या पुढं चालत गेला असं मी शपथेवर सांगून राह्यलो होतो, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. बारीक, दाढी वाढलेला. त्याला सरकारनं फुकट दिलेल्या वकिलानं मला दोन प्रश्न विचारले आन तो खाली बसला.

किसन तिथूनच बोलला. मोठ्यानं न्हाई.

"साहेब, या माणसाला मी आजच बघून राह्यलो."

त्याला गप बसवलं. तुझी पाळी आल्यावर सांग म्हणले. पाळी आली तवा त्यानं सांगितलं असंल, पण त्याच्याकडं सही केलेला कागद नव्हता.

किसननं ते केलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई. आजबी ठाऊक न्हाई. मला एवढंच ठाऊक आहे की त्यानं माझ्यासमोर कुऱ्हाड काढून दिली न्हाई, आन फाशी झाली ती त्या कुऱ्हाडीवर. निकालात तसं लिहिलंय. बघणारा साक्षीदार कुणीच नव्हता.

म्हणतेत, फाशी लिहिली की जज पेनाचं निब मोडून टाकतो. मी काही बघितलं न्हाई. माझा पेन कुणी मोडला न्हाई, तो हवालदाराच्या खिशात गेला आन दुसऱ्या कामाला लागला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी गावात फटाके वाजले. ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला. स्टेजवर खुर्च्या मांडल्या, त्यातल्या एका खुर्चीत मला बसवलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्या पंचायतीत मी खुर्ची पुसल्ती, उचलल्ती, बसलो कधीच नव्हतो. सरपंचानं शाल घातली, नारळ दिला, म्हणला, कोतवाल भ्याला न्हाई, गावाच्या बाजूनं उभा राह्यला. टाळ्या पडल्या. माझी बायको खाली बायांत बसून बघून राह्यली होती. मी फोटोसाठी ताठ बसलो. एका माणसाच्या गळ्यात दोर पडला म्हणून मला खुर्ची मिळाली, हे मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. तरी मी उठलो न्हाई.

अशीच दोन वर्षं गेली.

मंग एक दिवस तलाठी ऑफिसात गयाबाई आली. किसनची आई. तलाठी बाहेरगावी गेल्ता, मी एकटाच होतो. तिनं मला ओळखलं न्हाई. साक्षीच्या दिवशी ती हजर नव्हती, गाडीभाड्याला नव्हतं तिच्याजवळ. तिला रहिवासी दाखला पायजे होता. संभाजीनगरच्या हायकोर्टातल्या वकीलबाईनं सांगितलं होतं, किसनच्या जगण्याचे कागद आणा, शाळा, घर, आजारपण, जे असंल ते. हायकोर्टानं कायम केल्याबिगर फाशी देता येत न्हाई, तिथं दाखवायचं की हा माणूस कोण होता.

मी रजिस्टर काढलं. किसनचं नाव कशातच नव्हतं. घर न्हाई, उतारा न्हाई, रेशनकार्ड न्हाई. जन्माची नोंद न्हाई. सरकारदरबारी किसनचा पहिला पक्का कागद म्हंजे माझ्या सहीचा.

मी तिला पाणी दिलं. ती भिंतीला टेकून बसली आन बोलत राह्यली. वर्षातून दोनदा जेलात भेटायला जाते, म्हणली. काचेच्या अलीकडून फोनवर बोलायचं. बाकीच्या कैद्यांना काम असतं, फाशीवाल्यांना काम देत न्हाईत. दगड फोडणारा माझा लेक, दिवसभर हात मांडीवर ठेवून बसतो. रात्रंदिवस दिवा चालू. पायजम्याला नाडीसुद्धा ठेवू देत न्हाईत. वेळ सोडून कुलूप वाजलं की न्यायला आले म्हणून कोपऱ्यात जाऊन बसतो.

"वजन करतेत त्याचं," ती म्हणली. "डॉक्टर म्हणतो, तब्येतीसाठी. त्याला वाटतं, दोराचं माप घेऊन राह्यलेत. पोटभर जेवत न्हाई भाऊ तो."

मी रजिस्टरात डोकं घालून बसलो.

मंग तिनं पिशवीतून झेरॉक्स काढल्या. वकीलबाईनं दिलेल्या. म्हणली, मला अक्षर येत न्हाई, यात कुणी कुणी माझ्या लेकराच्या विरोधात सांगितलं ते वाचून दाखवा. वरचाच कागद पंचनाम्याचा. मी तो आयुष्यात पहिल्यांदा वाचला. खाली माझी सही. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, खाली रेघ.

मी वाचत गेलो. बांध, बाभळ, दगड, कुऱ्हाड. पंच क्रमांक एक, उपसरपंचाच्या भाच्याचं नाव वाचलं. आन थांबलो.

"आन दुसरा?" ती म्हणली.

"पुसट आहे," मी म्हणलो.

ती म्हणली, चांगलं वाचता भाऊ तुम्ही, कुणी शिकवलं? मी म्हणलो, वडिलांनी. तिनं कागदांच्या घड्या घालून पिशवीत ठेवले आन गेली. दाखलाबी मिळाला न्हाई तिला.

त्या दिवसापासून माझं जेवण बिघडलं. ताट समोर आलं की वजन करणारा तो डॉक्टर दिसायचा. बायको म्हणली, बाहेरचं काही लागलं का. मी तिच्यावरच खेकसलो. कोऱ्या कागदावर सही केली ती एक चूक म्हणता येईल. कोर्टात बोललो ते भिऊन बोललो म्हणता येईल. पण 'पुसट आहे' म्हणताना मला कुणाची भीती होती? समोर एक म्हातारी बाई होती आन तिला अक्षर येत नव्हतं. माझ्या आबाकडून ज्यांनी काय लिहिलंय ते न सांगता अंगठे घेतले, ते आन मी, काय फरक राह्यला?

महिन्याभरानं ठाण्यातून निरोप आला. मारामारीचं प्रकरण, पंच पायजे. रायटर नवा होता, जागा तीच. मी दारात उभा राह्यलो. त्यानं न बघता तीन कोरे कागद पुढं केले, खाली फुल्या.

"आधी लिहा," मी म्हणलो. "मी वाचतो. मंग सही."

त्यानं मान वर केली. म्हणला, लई शहाणा झाला का? मी बाकावर जाऊन बसलो. तासभर बसलो. मंग त्यानं मला आईवरून शिवी देऊन हाकललं आन कुणा हॉटेलवाल्याला बोलावलं. मी निघालो, पण घरी न्हाई गेलो. तिथूनच संभाजीनगरची गाडी धरली.

वकीलबाईनं सगळं ऐकून घेतलं. मंग आधी माझंच भलं सांगितलं. म्हणली, फाशीच्या खटल्यात खोटी साक्ष दिली हे कबूल केलं तर तुमच्यावरच केस होऊ शकते, जन्मठेपसुद्धा होऊ शकते. घरच्यांना विचारून या. मी म्हणलो, सही करताना मी कुणाला विचारलं नव्हतं. तिनं प्रतिज्ञापत्र तयार केलं. मी ओळ न् ओळ वाचली. दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली. तिनं लिहिलं होतं, दबावाखाली सही केली. मी ते खोडायला लावलं. दबाव कोर्टात होता. ठाण्यात नव्हता. ठाण्यात मी तोऱ्यात सही केली होती, तसंच लिहा म्हणलो.

गयाबाई वडीगोद्रीला हायवेच्या कडेला पाल टाकून पाटे-वरवंटे विकते. मी तिच्यासमोर जाऊन उभा राह्यलो आन कागद वाचून दाखवला, माझ्या नावासकट. ती पाट्याला टाकी लावून राह्यली होती. हात थांबला.

"म्हंजे ते नाव पुसट नव्हतं," ती म्हणली.

मी म्हणलो, न्हाई मावशी.

तिनं परत टाकी उचलली. बस म्हणली न्हाई, जा म्हणली न्हाई. मी माफी मागितली न्हाई. कोणत्या तोंडानं मागू? मंग निघून आलो.

आता तहसीलची नोटीस आली आहे, खुलासा मागितलाय. सरपंचानं निरोप धाडला की शाल घालणारे हात दुसरं कामबी करतेत. ती शाल मी पंचायतीतल्या त्याच खुर्चीवर नेऊन ठेवली. बायको रडते, पण डबा बांधून देते. किसन अजून तिथंच आहे, दिव्याखाली. सुटंल का, मला ठाऊक न्हाई. माझ्यामुळं गेलेली वर्षं तर त्याला कुणीच देणार न्हाई.

हायकोर्टात माझ्या नावाचा पुकारा होणार आहे. मी जाणार आहे. विचारतील, तवा खोटं का बोललास? सांगणार आहे, बाकावर जागा होती आन मला तिथं बसायचं होतं. मंग माझी जी काय शिक्षा असंल ती लिहा. लिहून झाली की मला वाचू द्या. खाली सही मी करतो.