कुठेही चालणारं बिल्ड

मिस्त्रीबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मला लिहायची सवय नाही, त्यामुळे काही मागेपुढे होईल.

मिस्त्री हे त्याचं ऑफिसातलं नाव. आम्ही गोदामांच्या हिशेबाचे प्रोग्राम बनवायचो. बाकीचे लोक प्रोग्रामचे तुकडे लिहायचे आणि ते जोडून चालता प्रोग्राम उभा करायचं काम याचं. त्याला बिल्ड म्हणतात. उभा झालेला प्रोग्राम तपासायचं काम माझं, म्हणून टेबलं शेजारी होती.

तो कंत्राटावर होता. ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी त्याला घेतानाच सांगितलं होतं, बिल्ड कुठल्याही मशीनवर चालवून दाखवा, कायम करते. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, तेव्हा दिवस गेले होते. भाड्याच्या खोलीत एवढ्या एका शब्दावर दोघं उद्याचे बेत करत बसायची.

तोवर बिल्ड चालायचं फक्त जहागीरदाराच्या मशीनवर. जहागीरदार म्हणजे आमच्यातला सगळ्यांत जुना प्रोग्रामर. त्यानं प्रत्येक फाइलचा पत्ता पूर्ण लिहिलेला, डिस्कच्या मुळापासून सुरू होऊन त्याच्या स्वतःच्या नावाच्या फोल्डरमधून जाणारा. दुसऱ्या मशीनवर तसा फोल्डर कुठून असणार? तिथे फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड अडून बसायचं. मग जहागीरदाराला हाक, मग त्याचा चहा, मग त्याचे टोमणे.

मिस्त्रीचं म्हणणं, पत्ता जिथे आहोत तिथून सांगावा. एक फोल्डर वर जा, तिथून शेजारच्यात शिर, असा. मग अख्खं बिऱ्हाड उचलून कुठेही ठेवलं तरी आतल्या खोल्या एकमेकींना सापडतात.

त्यानं मुख्य प्रोग्राममधला एकेक पत्ता बदलायला घेतला. थोडं झालं की सगळं उचलून भलत्याच नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि तिथून चालवायचा. मला म्हणायचा, काका, माहेरी सगळ्याच सुखानं नांदतात, सासरी धाडून बघू. पहिल्या पहिल्यांदा लेक रोज रडत परत यायची. एकदा तर फोल्डरच्या नावात नुसती मोकळी जागा होती, तेवढ्यावरून रुसली. दिवसभर तो त्यावरच बसला होता.

जुन्या ग्राहकांचा एक वेगळा प्रोग्राम होता, तो एकट्या जहागीरदाराचा. मिस्त्री तोही दुरुस्त करायला निघाला, तर जहागीरदारानं माझ्या घरात हात घालायचा नाही असं सगळ्यांसमोर सुनावलं. मॅडम म्हणाल्या, राहू दे, चालतंय ना.

शेवटी मॅडमनी नवं कोरं मशीन खोक्यातून काढायला लावलं. कुणाचं बोटही न लागलेलं. मिस्त्रीनं फोल्डर त्यावर उतरवला, चालवला आणि हात मांडीखाली घेऊन बसला. बिल्ड पहिल्या फटक्यात उभं राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं तिथूनच घरी फोन लावला.

महिन्याभरात कळलं की मुख्य प्रोग्रामचं काम दुसऱ्या शहरातल्या स्वस्त ऑफिसात जाणार. तिथल्या लोकांनी फोल्डर उतरवून घेतला आणि त्याच दुपारी बिल्ड झालं. कुणाला एक प्रश्न विचारावा लागला नाही.

मॅडमनी मिस्त्रीला बोलावलं. मीही तपासणीचे कागद घेऊन तिथेच होतो. त्या चांगल्या शब्दांतच बोलल्या.

"तुमचं काम इतकं चोख झालंय, की त्याच्यासाठी इथे कुणी बसायची गरजच उरली नाही."

मी कायम करण्याच्या शब्दाची आठवण दिली. त्या म्हणाल्या, कायम कशावर करू, काम तर गेलं. मिस्त्री खुर्ची तेवढी नीट आत सरकवून बाहेर आला.

जहागीरदार राहिला. त्याचा प्रोग्राम त्याच्या मशीनवरून हलतच नव्हता, मग त्याला कोण हलवणार? जेवताना तो मिस्त्रीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "पोरगं गुणी होतं. स्वतःच्याच पायाखालची फळी काढली, तीही रंधा मारून."

मी त्याच वर्षी निवृत्त झालो. मिस्त्रीला बरेच महिने काम नव्हतं. पुढे एका छोट्या कंपनीचं मिळालं, तेव्हा मी भेटायला गेलो. तो घरूनच काम करत होता. मुलगी त्याच्या खुर्चीला धरून उभी राहायला शिकत होती. वहिनी म्हणाल्या, आता रात्रीबेरात्री ऑफिसचे फोन येतात, यांच्यावाचून त्यांचं पान हलत नाही. बोलताना त्या खुशीत होत्या.

मी जुन्या सवयीनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. बिल्डची फाइल उघडी होती. एकेक ओळ डिस्कच्या मुळापासून सुरू होत होती आणि प्रत्येकीच्या मध्ये त्याचं स्वतःचं नाव होतं.

मला वाटलं, अर्धवट काम असेल. म्हटलं, "हे बदलायचं राहिलंय का रे?"

"नाही काका," तो म्हणाला, "आधी कुणीतरी नीट लिहिलं होतं. मी बदललं."

मग त्यानं पडदा हळूच भिंतीकडे वळवला आणि वहिनींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.